ऑनलाइन गेम, चीट सॉफ्टवेअर, कॉपीराइट आणि खासगीपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न खेळणाऱ्यांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि हौशी मॉडरनी (म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल किंवा भर, अर्थात ‘मॉड’, बनवणाऱ्यांनी) पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. गोंधळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. गेमच्या अटी मोडणं, कॉपीराइटचा भंग करणं आणि गुन्हा करणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पण बोलताना त्या सर्रास एकच धरल्या जातात. उत्तरांत त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. तुमच्या हातात प्रत्यक्ष नोटीस पडली असेल, तर हे वाचत बसण्याआधी वकील गाठा.

१. चीट म्हणजे नेमकं काय? माझा मित्र म्हणतो, मॅक्रोसुद्धा चीटच.

गेमच्या नियमांप्रमाणे जे दिसायला, कळायला किंवा करता यायला नको, ते बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या किंवा उपकरणाच्या मदतीने मिळवणं म्हणजे चीट. वॉलहॅक भिंतीपलीकडचा खेळाडू दाखवतं, एमबॉट नेम धरून देतं, बॉट तुम्ही झोपलेले असताना तुमचं पात्र चालवून सोनं गोळा करतो.

हे शक्य होतं, कारण गेमचा बराचसा हिशोब तुमच्याच मशीनवर चालतो. शत्रू भिंतीआड असला तरी त्याची जागा तुमच्या रॅममध्ये आधीच आलेली असते. तो बाहेर येताच क्षणाचाही विलंब न लावता दाखवायचा असतो ना! वॉलहॅक ती माहिती फक्त वाचून पडद्यावर काढतं. म्हणून सर्वांत सरळ उपाय सर्व्हरच्या बाजूला आहे: जे दिसायला नको ते पाठवायचंच नाही. व्हॅलोरंटमध्ये शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा सर्व्हर शक्यतो पाठवत नाही, ती याच विचाराने.

मॅक्रो म्हणजे कळ दाबताच ठरवून ठेवलेल्या कृती आपोआप होणं. त्याचं म्हणाल तर गेमनुसार नियम बदलतो. एका कळीवर एक कृती बहुतेक ठिकाणी चालते. एका कळीवर कृतींची साखळी किंवा बंदुकीचा झटका आपोआप सावरणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. शारीरिक अडचणीमुळे मॅक्रो लागत असेल तर प्रश्न १७ पाहा.

२. गेम मी पैसे देऊन घेतला. माझ्या मशीनवर मी त्याचं काहीही करीन, कंपनीला काय त्याचं?

तुम्ही घेतला तो बहुतेक वेळा वापरण्याचा परवाना असतो. डिस्क तुमची, पण तिच्यावरचा कोड, चित्रं आणि संगीत यांचे हक्क कंपनीकडेच राहतात. शिवाय ऑनलाइन गेमचा सर्व्हर कंपनीच्या ताब्यात असतो आणि तिथे कोणाला येऊ द्यायचं हे ती ठरवते. ‘मान्य आहे’ हे बटण न वाचता दाबलं तरी बहुतेक देशांत करार झाला असंच धरतात. एखादं कलम फारच एकतर्फी असेल तर ग्राहक कायद्याखाली न्यायालय ते बाजूला ठेवू शकतं, पण चीटबंदीचं कलम त्यात मोडण्याची शक्यता फार कमी. करार मोडल्याची नेहमीची शिक्षा म्हणजे बॅन.

३. चीट वापरलं तर कॉपीराइटचा भंग होतो का?

निव्वळ वापरणाऱ्याच्या बाबतीत उत्तर बहुधा ‘नाही’ असं येतं, आणि ते तीन दशकांच्या खटल्यांतून घडत आलेलं आहे.

पहिला मोठा वाद कार्ट्रिजच्या काळातला. गेम जीनी नावाचं उपकरण कन्सोल आणि कार्ट्रिज यांच्यामध्ये बसायचं आणि जाता येता काही आकडे बदलायचं, म्हणजे जादा प्राण, जास्त वेग वगैरे. कन्सोल बनवणाऱ्या निन्टेन्डोने म्हटलं की ही आमच्या गेमची परवानगीशिवाय बनवलेली नवी आवृत्ती आहे. १९९२मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते मानलं नाही. उपकरण काढलं की गेम जसाच्या तसा, मग नवी कलाकृती तयार झाली कुठे?

दुसरा खटला ग्लायडरचा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पात्र आपोआप चालवणाऱ्या या बॉटच्या एक लाखाहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. तो गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डचं म्हणणं होतं की बॉट वापरून खेळाडू परवान्याबाहेर गेला, म्हणून त्याच्या रॅममध्ये चढलेली गेमची प्रत बेकायदा झाली. त्याच न्यायालयाने २०१०मध्ये सांगितलं की बॉटबंदीची अट मोडणं हा करारभंग आहे, कॉपीराइटचा भंग नव्हे, कारण त्या अटीचा प्रती काढण्याच्या हक्काशी संबंध नव्हता.

युरोपात हा प्रश्न अलीकडेच मिटला. प्लेस्टेशन पोर्टेबलवरच्या एका शर्यतीच्या गेममध्ये टर्बोवरची मर्यादा उठवणारं सॉफ्टवेअर डेटेल ही कंपनी विकायची. सोनीने जर्मनीत दावा लावला आणि तो युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. १७ ऑक्टोबर २०२४च्या निकालानुसार, प्रोग्रामच्या कोडला हात न लावता तो चालू असताना रॅममध्ये साठवलेले बदलते आकडे बदलणं हा संगणक प्रोग्रामच्या कॉपीराइटचा भंग नाही.

मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. कराराच्या प्रत्येक ओळीला कॉपीराइटचं बळ दिलं, तर कंपनी करारात जे लिहील तोच कायदा होऊन बसेल. चीट करणारा दुसऱ्याचा खेळ नासवतो, ही त्याची खरी चूक आहे. तिच्यासाठी नियम वेगळे हवेत आणि ते आहेतही.

४. मग चीट बनवणाऱ्यांना कोट्यवधींची भरपाई कशी द्यावी लागते?

त्यांच्यावर इतर कलमं लागतात. अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए कायद्यात, कॉपीराइट असलेल्या गोष्टीभोवतीचं तांत्रिक कुलूप तोडणारं साधन विकणं हाच स्वतंत्र दोष आहे. ग्लायडरच्या खटल्यात कॉपीराइटभंगाचा मुद्दा पडला, पण वॉर्डन या ब्लिझार्डच्या अँटी-चीटला, म्हणजे चीट पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला, चकवण्याची सोय विकल्याबद्दल ग्लायडरवाले याच कायद्यात अडकले. म्हणजे एकाच निकालात खेळाडू सुटला आणि विक्रेता सापडला.

डेस्टिनी २ बनवणाऱ्या बंजीने पुढे हाच मार्ग जोमाने वापरला. २०२२मध्ये एका चीटविक्रेत्याविरुद्ध तिला सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलरचा हुकूमनामा मिळाला. एमजंकीज या चीटच्या विक्रेत्यांविरुद्ध २०२३मध्ये लवादाने सुमारे ४४ लाख डॉलर मंजूर केले. त्याच वादातला कॉपीराइटचा भाग मात्र ज्यूरीसमोर गेला. मे २०२४मध्ये सिॲटलच्या ज्यूरीने भंग झाल्याचं मान्य केलं आणि भरपाई ठरवली ६३,२१० डॉलर. दोन आकड्यांतला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. डीएमसीएमध्ये भरपाई प्रत्येक विक्रीमागे मोजता येते, ज्यूरीने मात्र प्रत्यक्ष झालेली कमाई पाहिली.

चीट बनवताना गेमचा कोड उचलला, चित्रं वापरली किंवा गेमचं नाव जाहिरातीत मिरवलं, तर कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचे साधेसरळ दावे त्यावर वेगळे येतात.

५. चीट वापरलं म्हणून पोलीस येतात का?

नुसतं वापरलं म्हणून सहसा येत नाहीत. विकणाऱ्याकडे मात्र जगभर येतात. दक्षिण कोरियाने २०१६मध्ये गेम उद्योगाच्या कायद्यात दुरुस्ती करून चीट बनवणं आणि वाटणं गुन्हा ठरवलं. २०१८मध्ये तिथे ओव्हरवॉचचं चीट विकणाऱ्या एकाला एक वर्षाची, पण स्थगित ठेवलेली कैद झाली. चीनमध्ये त्याच वर्षी पबजीची चीट्स बनवणाऱ्या १५ जणांना अटक झाली. जपानने अनुचित स्पर्धेच्या कायद्यात २०१८ साली बदल केला, आणि सेव्ह डेटात फेरफार करून विकणारेही तिथे पकडले जाऊ लागले.

भारतात चीटसाठी वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००ची कलमं ४३ आणि ६६ परवानगीशिवाय संगणकात शिरणं, डेटा बदलणं, सेवा बंद पाडणं याला लागू होतात. कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये आलेलं कलम ६५अ तांत्रिक कुलूप तोडण्याबद्दल आहे, पण त्यात हक्कांचा भंग करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो.

सर्व्हरवर हल्ला करून समोरच्याचं कनेक्शन पाडणं, कोणाचं अकाउंट हडपणं किंवा आयपी पत्ता शोधून धमकावणं यांची गणना मात्र चीटमध्ये करू नका. हे जवळपास सगळीकडे गुन्हेच आहेत आणि वय लहान असलं तरी प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

६. एकट्याने, ऑफलाइन खेळताना चीट चालतं का?

गेममध्येच दिलेले चीट कोड खुशाल वापरा. बाहेरचं साधनही सिंगल प्लेअरमध्ये वापरलं तर फारशी कोणाची हरकत नसते. एकच काळजी घ्या: त्याच गेमचा मल्टिप्लेअर उघडण्याआधी ते साधन पूर्ण बंद करा, शक्य तर मशीन रीस्टार्ट करा. अँटी-चीट मेमरीत ते प्रोग्राम पाहतं, तुमचा हेतू त्याला कळत नाही. आणि जगभरच्या क्रमवारीत गुण पाठवणारा ‘एकट्याचा’ गेम खऱ्या अर्थाने ऑफलाइन नसतो.

७. अँटी-चीट माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय काय बघतं?

चालू असलेले प्रोग्राम, गेमच्या मेमरीत घुसलेला परका कोड, लोड झालेले ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमशी थेट जोडलेले छोटे प्रोग्राम), गेमच्या फायलींत झालेले बदल आणि हार्डवेअरचे क्रमांक, एवढं बहुतेक अँटी-चीट्स पाहतात. काही पडद्याचं चित्रही घेतात. पण कुठे थांबायचं हा वाद जुना आहे.

२००५मध्ये सुरक्षा संशोधक ग्रेग हॉगलंड यांनी दाखवलं की ब्लिझार्डचं वॉर्डन उघड्या असलेल्या प्रत्येक विंडोचं शीर्षक वाचतं. मग ती बँकेची असो वा कोणाशी चाललेल्या गप्पांची. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्याला स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, म्हटलं. ब्लिझार्डची बाजू अशी की वाचलेल्या मजकुराची ओळखीच्या चीट्सशी फक्त तुलना होते. त्याच वर्षी एक विलक्षण प्रकार घडला. सोनी बीएमजीच्या म्युझिक सीडी कॉपी रोखण्याच्या नावाखाली कॉम्प्युटरमध्ये गुपचूप एक सॉफ्टवेअर बसवत होत्या, आणि ते ठराविक नावाच्या फायली सगळ्यांपासून लपवत असे. चीट करणाऱ्यांनी आपल्या फायलींना तसंच नाव दिलं आणि त्या वॉर्डनला दिसेनाशा झाल्या. कॉपीराइट वाचवायला केलेल्या घुसखोरीने चीटलाच आसरा दिला.

२०१४मध्ये स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीचं अँटी-चीट, व्हॅक, खेळाडूंची डीएनएस नोंद, म्हणजे कॉम्प्युटरने कोणत्या वेबसाइट्सचे पत्ते विचारले त्याची यादी, तपासतं असं उघड झालं. तेव्हा व्हॅल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी स्वतः लेखी खुलासा केला. विकतची काही चीट्स स्वतःचा परवाना तपासायला ठराविक सर्व्हरशी बोलत. व्हॅक आधी चीटचा माग लागल्यावरच ती नोंद पाहत असे आणि त्यातून ५७० जण बॅन झाले. ब्राउझिंगचा इतिहास आम्ही घेत नाही, असंही त्यांनी सांगितलं. अशी स्पष्टता मागितल्याशिवाय मिळायला हवी होती, पण निदान मिळाली.

कमी डोकावूनही चीट पकडता येतं. २०२३च्या फेब्रुवारीत व्हॅल्व्हने डोटा २च्या मेमरीत एक सापळा ठेवला. तो डेटा नेहमीच्या खेळात कधीच वाचला जात नाही, चीटच तो वाचू शकतं. ४० हजारांहून जास्त अकाउंट्स त्यात सापडली, आणि प्रामाणिक खेळाडूच्या फायलींना हात लावावा लागला नाही. खेळाडूंनी कंपन्यांकडे आग्रह धरावा तो अशा उपायांचा.

८. कर्नल-लेव्हल अँटी-चीट धोकादायक आहे का? काही जण तर त्याला व्हायरसच म्हणतात.

व्हायरस नाही, पण काळजी रास्त आहे. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वाधिकार असलेला गाभा. चीट्स तिथे जाऊन लपू लागली म्हणून अँटी-चीटही तिथे उतरलं. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट २०२०मध्ये व्हॅलोरंटसोबत आलं आणि २०२४मध्ये लीग ऑफ लेजंड्सलाही लागू झालं. ते मशीन सुरू होतानाच चढतं, कारण चीट आधी चढलं तर ते नंतर आलेल्याला सहज फसवतं. तांत्रिकदृष्ट्या हे कारण खरं आहे.

धोका दोन प्रकारचा आहे. पहिला धोका कंपनीच्या हातून होणाऱ्या चुकांचा. कॅपकॉमने सप्टेंबर २०१६मध्ये स्ट्रीट फायटर ५साठी एक ड्रायव्हर दिला, आणि त्यातून कोणताही प्रोग्राम कर्नलच्या अधिकाराने आपला कोड चालवू शकत होता. ओरड होताच तो मागे घेतला गेला. गेन्शिन इम्पॅक्टच्या अँटी-चीट ड्रायव्हरचा किस्सा त्याहून शिकवणारा आहे. २०२२मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने दाखवलं की खंडणीखोर टोळीने तो ड्रायव्हर स्वतःसोबत नेऊन अँटीव्हायरस बंद पाडायला वापरला. त्या मशीनवर गेम असण्याचीही गरज नव्हती. ड्रायव्हरवर वैध डिजिटल सही होती, म्हणून विंडोजने त्यावर विश्वास ठेवला, एवढं पुरलं.

दुसरा धोका विश्वासघाताचा. २०१३मध्ये ईएसईए या स्पर्धा-सेवेच्या अँटी-चीट क्लायंटमधून सुमारे १४ हजार खेळाडूंच्या मशीनवर गुपचूप बिटकॉइन मायनिंग चाललं. न्यू जर्सी राज्याने कारवाई केली आणि प्रकरण १० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटलं.

माझं मत सांगायचं तर, स्पर्धात्मक नेमबाजीच्या गेममध्ये कर्नल अँटी-चीटला तांत्रिक आधार आहे. पण एवढा अधिकार मागणाऱ्या कंपनीने काय गोळा करतो, किती दिवस ठेवतो आणि ड्रायव्हर कसा काढायचा हे साध्या भाषेत, डाउनलोडच्या आधी सांगितलंच पाहिजे. ‘चीटरना कळेल’ ही सबब शोधपद्धतीला लागू होते, साठवलेल्या माहितीला नाही.

९. मला कर्नल ड्रायव्हर नकोच आहे. मग काय करू?

गेम काढून टाकला की ड्रायव्हर जातोच असं नाही. प्रोग्रामच्या यादीत त्याची वेगळी नोंद असते, ती स्वतंत्रपणे काढा. बँकेचं आणि कामाचं मशीन खेळायच्या मशीनपेक्षा वेगळं ठेवता आलं तर सर्वांत बरं. कन्सोलवर हा प्रश्नच येत नाही. लिनक्सवर काही गेम चालतात, पण भरवसा नाही. एपेक्स लेजंड्सने २०२४च्या अखेरीस लिनक्सचा आधार काढून घेतला. एकत्र बोलण्याचा उपयोग होतो हेही खरं: मे २०२०मध्ये डूम इटर्नलमध्ये नंतरून घातलेलं डेनुवो अँटी-चीट खेळाडूंच्या विरोधामुळे पुढच्याच अपडेटमध्ये निघालं.

१०. कंपनीकडे माझी कोणती माहिती आहे ते मागता येतं का?

युरोपीय संघात येतं. जीडीपीआर या तिथल्या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १५खाली अर्ज केला की साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. अकाउंटचा तपशील, खरेदी, लॉगिनच्या वेळा, चॅटच्या नोंदी, तक्रारी असं बरंच हाती येतं. मोठ्या कंपन्यांनी ही सोय सर्वांनाच, सेटिंग्जमधल्या बटणावर दिली आहे. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हाही माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसण्याचा हक्क देतो. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे.

चीट कसं पकडलं याचा तपशील मात्र कंपन्या देत नाहीत. आणि अकाउंट पुसायला लावलं तरी बॅनची नोंद बहुधा राहते, कारण ती गैरवापर रोखण्यासाठी लागते असं म्हणायला त्यांना वाव आहे.

११. माझं मूल बारा वर्षांचं आहे. त्याच्या माहितीचं काय?

अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. युरोपात ही मर्यादा देशानुसार १३ ते १६, भारताच्या नव्या कायद्यात १८. डिसेंबर २०२२मध्ये फोर्टनाइटच्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली. त्यात २७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड मुलांच्या खासगीपणाबद्दल होता. व्हॉइस आणि टेक्स्ट चॅट आपोआप चालू असणं आणि मुलं अनोळखी लोकांशी जोडली जाणं हा त्यातला मोठा आक्षेप.

म्हणून पहिल्याच दिवशी व्हॉइस चॅट फक्त मित्रांपुरतं करा. वय खोटं टाकू नका. वय वाढवून टाकलं की मुलांसाठीची सगळी संरक्षणं आपोआप बंद होतात.

१२. फुकट चीट उतरवलं. ते म्हणतंय, आधी अँटीव्हायरस बंद करा. करू का?

नका करू. चीट खऱ्याच कारणाने अँटीव्हायरसच्या नजरेत येतं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि चोर त्याचाच फायदा घेतात. व्हिडिओखालच्या लिंका, पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि ‘अँटीव्हायरस बंद करा’ ही सूचना एकत्र दिसली की आत पासवर्डचोर आहे असंच धरा. ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड, कुकीज आणि क्रिप्टो वॉलेट काही सेकंदांत जातात. कुकी म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याची ब्राउझरमधली खूण; ती चोरीला गेली तर दोन टप्प्यांच्या लॉगिनचाही उपयोग होत नाही.

चालवून बसला असाल तर मशीन इंटरनेटपासून तोडा. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा, मग बँकेचा, मग गेमचा पासवर्ड बदला आणि प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ करा. त्यानंतर विंडोज नव्याने टाका. हाच क्रम पाळा, उलटा नको.

१३. मी काहीच केलं नाही, तरी बॅन झालो. कंपनी ऐकतच नाही.

‘काहीच केलं नाही’ म्हणणारे बरेच जण खोटं बोलतात, म्हणून खऱ्या माणसाचं नुकसान होतं. पण अँटी-चीट चुकतं याचे पुरावे आहेत. जुलै २०१०मध्ये व्हॅल्व्हने मॉडर्न वॉरफेअर २च्या सुमारे १२ हजार खेळाडूंना चुकून बॅन केलं, मग बॅन उठवून भेट म्हणून गेम दिला. ऑक्टोबर २०२३मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधली अँटी-लॅग प्लस ही सोय काउंटर-स्ट्राइक २च्या कोडमध्ये हात घालत होती. ती चालू करणारे प्रामाणिक खेळाडू बॅन झाले. एएमडीने ड्रायव्हर मागे घेतला, बॅन उठले.

दाद मागताना रागाचा एक शब्दही नको. बॅनची तारीख, त्या दिवशी चालू असलेले प्रोग्राम, नवा ड्रायव्हर किंवा ओव्हरले (गेमच्या वर माहिती दाखवणारा प्रोग्राम) टाकला असेल तर त्याची आवृत्ती, एवढं मुद्देसूद लिहा. त्याच वेळी इतर अनेकांना तसाच बॅन आला असेल तर ते आवर्जून सांगा. एकट्याची तक्रार दुर्लक्षित होते, एकच ड्रायव्हर असलेल्या शंभर जणांची नाही. युरोपात राहत असाल तर निर्णय माणसाने तपासावा अशी मागणी जीडीपीआरच्या कलम २२च्या आधारे करून पाहता येते, पण प्रत्येक बॅनला ते कलम लागू होईलच असं नाही.

भावाने किंवा मित्राने तुमच्या अकाउंटवर चीट वापरलं असेल तर मात्र दाद मागण्यात अर्थ नाही. अकाउंटवर जे घडतं त्याची जबाबदारी मालकाची, हे जवळपास प्रत्येक करारात असतं.

१४. वापरलेला पीसी घेतला आणि पहिल्याच दिवशी ‘हार्डवेअर बॅन’ दिसला. हे काय?

काही कंपन्या अकाउंटसोबत मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड किंवा टीपीएम चिप यांच्या ओळखीवरही बंदी घालतात. आधीच्या मालकाची शिक्षा मशीनसोबत तुमच्याकडे आली आहे. खरेदीची पावती जोडून सपोर्टला लिहा. काही ठिकाणी असा बॅन ठराविक मुदतीचा असतो. क्रमांक खोटे दाखवणारे ‘स्पूफर’ वापरू नका. ते स्वतःच बॅनचं कारण आहे, आणि आतल्या मालाबद्दल प्रश्न १२मध्ये लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू आहे.

१५. मी बनवलेल्या मॉडचा कॉपीराइट माझाच ना?

तुम्ही स्वतः काढलेली चित्रं, आवाज, लिहिलेला कोड यांवर मुळात हक्क तुमचा. पण मॉड गेमच्या जगावर उभा असतो, म्हणून तो एकटा बाजारात नेता येत नाही. ड्यूक नुकेम ३डीसाठी खेळाडूंनी बनवलेल्या शेकडो पातळ्या एका कंपनीने सीडीवर घालून विकल्या. १९९८मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने ते अडवलं, कारण त्या पातळ्या म्हणजे त्याच नायकाच्या नव्या गोष्टी होत्या आणि खेळाडूंना परवानगी होती ती फुकट वाटण्याची.

शिवाय करार पाहा. वॉरक्राफ्ट ३मधल्या एका मॉडमधून डोटा जन्मला, आणि त्या नावावरून व्हॅल्व्ह आणि ब्लिझार्ड यांच्यात २०१२पर्यंत वाद चालला. २०२०मध्ये वॉरक्राफ्ट ३ची नवी आवृत्ती आली तेव्हा ब्लिझार्डने अट घातली: खेळाडूंनी बनवलेले सगळे गेम आमच्या मालकीचे. मेहनत करणाऱ्याचं नावही मागे राहू नये, हे मला पटत नाही. पण ती अट मान्य करूनच तुम्ही ते साधन उघडता. मोठा प्रकल्प हाती घेण्याआधी हे एक कलम तरी वाचाच.

१६. गेमप्लेचा व्हिडिओ टाकला तर स्ट्राइक येईल का? आणि प्रायव्हेट सर्व्हर चालवला तर?

स्ट्राइक म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून व्हिडिओ-साइटने दिलेली ताकीद. बहुतेक कंपन्या गेमप्लेचे व्हिडिओ चालवून घेतात, कारण त्यात त्यांचीच जाहिरात होते. पण ती परवानगी आहे, हक्क नव्हे. स्ट्राइक जास्त करून गेममधल्या परवान्यावर घेतलेल्या गाण्यांमुळे येतात; अनेक गेममध्ये ती बंद करणारी ‘स्ट्रीमर मोड’ असते. चीट कसं वापरायचं ते शिकवणाऱ्या व्हिडिओचं गणित वेगळं. २०१७मध्ये एपिकने असा व्हिडिओ काढायला लावला. टाकणाऱ्याने ‘हा भंग नाही’ असा प्रतिदावा भरला आणि कंपनीने थेट न्यायालय गाठलं. नंतर कळलं की मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याच्या आईने न्यायाधीशांना पत्र लिहिलं. प्रतिदावा हे कायदेशीर निवेदन असतं, रागात भरायचा फॉर्म नसतो.

प्रायव्हेट सर्व्हर, म्हणजे कंपनीऐवजी खेळाडूंनीच चालवलेला गेमचा सर्व्हर, असेल तर कंपन्या सहसा पहिली नोटीस पाठवतात आणि तिथेच विषय संपतो. नोस्टॅल्रियस हा जुन्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा लोकप्रिय सर्व्हर एप्रिल २०१६मध्ये असाच बंद झाला. तीन वर्षांनी कंपनीने स्वतःच जुनी आवृत्ती अधिकृतपणे आणली. पैसे घेतले तर मात्र गय होत नाही. खेळाडूंकडून पैसे घेणाऱ्या अशाच एका सर्व्हरच्या चालकाविरुद्ध २०१०मध्ये ८ कोटी ८० लाख डॉलरचा निकाल लागला.

१७. माझ्या हाताला अपंगत्व आहे. मॅक्रो आणि वेगळा कंट्रोलर वापरला तर मी चीटर ठरेन का?

ठरू नये, पण यंत्राला तुमचा हात दिसत नाही. त्यामुळे साधन निवडताना थोडं सांभाळावं लागतं. एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर किंवा प्लेस्टेशनचा ॲक्सेस कंट्रोलर ही कन्सोल कंपन्यांची स्वतःची उपकरणं आहेत, त्यांवर गंडांतर येत नाही. माउस-कीबोर्डला कंट्रोलर म्हणून भासवणारे अडॅप्टर मात्र, गेम फक्त कंट्रोलरवाल्यांना देतो ती नेम साधण्याची मदत लाटण्यासाठी इतके वापरले गेले आहेत की अनेक गेम आता ते ओळखून अडवतात. ज्यांना त्यांची खरी गरज होती त्यांची यात फरफट झाली, आणि कंपन्यांनी त्यासाठी स्वतंत्र वाट ठेवायला हवी होती.

कळ दाबून ठेवण्याऐवजी एकदा दाबणं, बटणांची जागा बदलणं अशा सोयी आधी गेमच्या सेटिंग्जमध्ये शोधा. तिथे नसतील तर साधन वापरण्याच्या आधी सपोर्टला लिहून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. बॅन झालाच तर प्रश्न १३मधल्या अर्जासोबत ते जोडा.

१८. गेममध्ये सुरक्षेची मोठी त्रुटी सापडली. सांगितली तर मलाच बॅन करतील का?

त्रुटी कशी आणि कुठे तपासली यावर ते अवलंबून आहे. दुसरा प्रोग्राम आपल्याशी जुळावा म्हणून कोड उलगडून पाहण्याला युरोपीय आणि भारतीय कॉपीराइट कायद्यांत मर्यादित मुभा आहे. अमेरिकेच्या डीएमसीएमध्येही सुरक्षा संशोधनाला अपवाद आहे. पण यांतला कोणताही अपवाद चालू सामन्यात इतरांवर प्रयोग करायची सूट देत नाही. आधी कंपनीचा बग बाउंटी, म्हणजे त्रुटी कळवणाऱ्याला बक्षीस देणारा, कार्यक्रम आहे का ते पाहा. व्हॅनगार्डमधल्या गंभीर त्रुटींसाठी रायटने एक लाख डॉलरपर्यंत बक्षीस जाहीर केलेलं आहे. त्या कार्यक्रमाच्या नियमांत काय तपासायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, तेवढंच करा. वेगळ्या अकाउंटवर, शक्य तर खासगी सामन्यात तपासा. एकदा सिद्ध झालं की थांबा आणि तारखेसह कळवा. दुरुस्ती बाहेर येईपर्यंत तपशील जवळच्या मित्रालाही दाखवू नका.